बाबांची ज्युरी आणि माझी

लंडनला ईलिंगच्या घरी ज्युरीचं बोलावणं आलं, तेव्हा माझं नाव चुकून घातलं असेल असंच मला वाटलं. हातात भारताचा पासपोर्ट, कायद्यातलं ओ की ठो कळत नाही, आणि कोणी तुरुंगात जायचं ते मी ठरवायचं? पण राष्ट्रकुलातल्यांची नावंही इथल्या मतदारयादीत असतात, आणि ज्युरी तिच्यातूनच निवडतात.

"अगं, त्यांना अडाणीच माणसं हवी असतात," आमचे डॉक्टर नवरोबा म्हणाले. त्या रात्री त्यांना मी मुद्दाम कालची भाजी वाढली.

खटला एका तरुणाचा होता. दुकानदाराला मारून गल्ला पळवल्याचा आरोप. पोरगा माझ्या मुलाच्या वयाचा, कोणाचा तरी ढगळ सूट घालून रोज समोर बसायचा. आम्ही ज्युरीच्या खोलीत काय बोललो ते सांगायला कायद्याची बंदी आहे, आणि ती मी आजही पाळते. निकाल मात्र सगळ्यांसमोर वाचला गेला. दोषी. त्यानंतर त्यानं आम्हा बाराजणांकडे एकेक करून पाहिलं. माझ्यापाशी त्याची नजर जरा थांबली, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे.

घरी आले तर मुलगी दारातच उभी. "आई, तुझा कोर्ट कसा झाला? जस्ट टेल मी, तुम्ही आत काय डिस्कस केला?"

मी कांदा चिरायला घेतला. निदान रडायची सोय झाली.

मुंबईत ज्युरी होती त्या काळात, माझ्या लहानपणी, बाबाही एकदा ज्युरीवर होते. खटला संपल्यावर कितीतरी दिवस ते जेवताना गप्प असत. "मिठाची गुळणी धरलीय नुसती," म्हणून आई वैतागायची. मलाही तेव्हा त्यांचा रागच यायचा.

रविवारी मी त्यांना मुंबईला फोन केला. ज्युरीवर होते, एवढंच सांगितलं. खटला कसला, निकाल काय, बाबांनी काही विचारलं नाही.

"झोप लागते का?" ते म्हणाले.

"नाही हो, बाबा."

"मलाही लागायची नाही."

"मग तुम्ही कोणाशी बोललात?"

"कोणाशी बोलणार? बरोबरचे सगळे आपापल्या घरी गेले. तू ये. बसू दोघं."

फोन ठेवला आणि माझा जीव तिकडे ओढ घेऊ लागला. इथे नवरा, मुलं, मैत्रिणी, सगळी मायेची होती. पण जिच्याजवळ मुकाट बसता येईल अशी व्यक्ती एकच होती, आणि ती तिकडे होती. मी दिवाळीचं तिकीट काढलं.

बाबा गणपतीतच गेले. मी धावतपळत पोचले तेव्हा घर भेटायला आलेल्यांनी भरलं होतं, आणि जो तो मला बोलतं करायला बघत होता.