हेस्टरच्या खिडकीतला साप

व्हिटबी गावच्या समुद्रकड्यातून वेटोळं घातलेल्या सापासारखे दगड निसटून किनाऱ्यावर पडतात. शिकलेली मंडळी त्यांना डॅक्टिलिओसेरस म्हणतात, समुद्रात पोहणारा कुठलासा जीव होता म्हणतात. म्हणोत बापडे! गावाला ठाऊक आहे, की मठातल्या हिल्डाबाईनं सापांचे दगड केले आणि त्यांची डोकी झडली. गिऱ्हाइकाला मात्र डोकं लागतं. म्हणून वेटोळ्याच्या बाहेरच्या टोकाला कानशीनं डोकं कोरायचं, हाच जेबझ स्टॉरचा जन्मभराचा धंदा.

हात झकास, माणूसही भला. फक्त घरातल्या खिडकीपाशी आला की बिघडायचा. तिथं त्याच्या बायकोनं, हेस्टरनं, एक साप ठेवला होता, आणि तो कोरला होता वरच्या आळीतल्या टोबी हार्लंडनं. तिचं लग्न ठरायच्याही आधी! रोज सकाळी ती एप्रनच्या टोकानं त्या सापाचं नाक पुसायची.

"माझं पुसलंस का कधी?"

"तुला बाही आहे ना!"

जेबझनं तिला एकाहून एक साप आणून दिले. ती "छान" म्हणायची आणि विक्रीच्या टोपलीत टाकायची. त्याचे साप परगावी जायचे, टोबीचा जागचा हलायचा नाही.

एका रविवारी गुडघा दुखतो म्हणून जेबझ चॅपलला प्रार्थनेला गेला नाही. हेस्टरची पाठ वळताच त्यानं टोबीचा साप काढला आणि डोकं कानशीनं पार घासून टाकलं. आधी डोळे. मग दगड खिडकीत ठेवून, शीळ घालत मासे भाजायला बसला.

हेस्टर आली. "डोकं कुठं गेलं रे याचं?"

"झडलं असेल. टोबीचं काम, किती टिकणार?"

"आणि तुझ्या मिशीवर काय, पीठ?"

आता फेकून देते की मग, म्हणून तो वाट बघत राहिला. तिनं दगड दोन्ही हातांनी उचलला. "अगं बाई! हिल्डाबाईनं सोडला तस्साच झाला की! व्हेरिलकाकू, या बघायला!"

दुपारपर्यंत आळीतल्या बायका दगडाला हात लावून गेल्या. टोबीही आला, खदखदून हसला. "माझं डोकं बेतासबातच होतं, जेबझ. असाच शोभतो."

हे मात्र जेबझला झोंबलं. त्यानं दगड ओढून घेतला, उरलेल्या टोकाला नवं डोकं कोरलं, आणि जीव ओतून कोरलं. हेस्टर कितीतरी वेळ बघत राहिली.

"असं डोकं तुझ्या हातून कधी उतरलं नव्हतं रे."

तिनं साप खिडकीत ठेवला, एप्रननं नाक पुसलं. जेबझ फुलला. चहाचा पहिला घोट घेईपर्यंत फुललेलाच होता.

"पण वेटोळं किनाऱ्यावर टोबीनंच शोधलेलं ना?"

"हो," हेस्टर म्हणाली.

जेबझनं खुर्ची फिरवली आणि खिडकीकडे पाठ करून चहा संपवला.