गाडीतलं डोहाळजेवण

खुटबावच्या सुलक्षणा सिस्टर बीपीच्या मशीनआधी आवाजानं घरात शिरतात. पोटुशींना रागावतात, नवऱ्यांना त्याहून जास्त. सासवांशी मात्र साखर पेरून बोलतात, कारण सुनेला तपासणीला पाठवायचं की नाही, हे तिथं ठरतं. गावात डोहाळजेवण असलं की बाई हजर. दोन वाट्या बासुंदी रिचवायची आणि वर तिखट-मिठावर व्याख्यान द्यायचं!

तेजश्रीच्या डोहाळजेवणालाही त्या अशाच भुकेल्या गेल्या. पहिलटकरीण फुलांच्या झोपाळ्यात बसलेली. सासू कस्तुराबाई कौतुकानं म्हणाल्या, "बघा सिस्टर, कसं तेज चढलंय! अंग भरलंय पोरीचं. बांगड्या बी हालंनात."

सुलक्षणाबाईंनी बासुंदी खाली ठेवली. "तेज न्हाई मावशी, सूज हाय ती. तेजू, डोकं दुखतंय?"

"सकाळधरनं ठणकतंय. डोळ्यांपुढं चमकतंय बी. पण पाव्हणे आलेत, म्हणलं कशाला सांगायचं?"

"शाणी गं माझी!" म्हणत बाईंनी झोपाळ्यातच बीपी घेतलं. आकडा बघून तिथूनच अँब्युलन्सला फोन लावला. "दौंडला न्यायचं, आत्ताच. झटके आले तर आई आन् बाळ, दोघं बी हातची जातील."

कस्तुराबाई दारात आडव्या. "ओटी भरल्याबिगर उठवायची? अपशकुन व्हतो. उद्या नेऊ की."

भांडत बसलं तर गाडी येऊन ताटकळणार, हे सुलक्षणाबाईंना पक्कं ठाऊक.

"मावशी, डोहाळजेवण कशाकशात करत्यात वो?"

"झोपाळ्यात. नावेत. बागेत. चांदण्यात बी."

"मग हे गाडीत. घ्या नारळ, चला. कोण अडवतंय तुमाला?"

जमलेल्या बायका फिस्सकन हसल्या. कस्तुराबाई ओटीचं ताट घ्यायला वळल्या, तोवर गाडी आली. बाईंनी आतल्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी इंजेक्शन दिलं, तेजश्रीला डाव्या कुशीवर निजवलं. वाटेत वरवंडच्या पुढं, हलत्या गाडीत, कस्तुराबाईंनी निजलेल्या सुनेची ओटी भरली. गाडीच्या हिसक्यांनी निम्मे तांदूळ सिस्टरच्या पायावर सांडले.

दवाखान्यात संध्याकाळपर्यंत बीपी उतरलं. बाळाचे ठोकेही चांगले होते.

"घरी कवा न्यायची?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"बाळंत होईस्तोवर न्हाई," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "इथंच राहील, डोळ्यांसमोर."

कस्तुराबाईंनी डोळे पुसले, पदर खोचला आणि कॉटखाली पिशवी सरकवली. "मग मी बी हितंच. आन् ही चादर कुणी घातली वो? अशी घालत्यात व्हय?"

सुलक्षणाबाईंना वॉर्डातल्या सिस्टरांची मनापासून दया आली.