फादरच्या हातातली बाटली

“छातीत पाणी झालंय,” डॉक्टर म्हणाले आणि एक्स-रे उजेडाला धरून त्यांनी मला माझ्या धाकट्या भावाची, इनासची, डावी बाजू दाखवली. प्लुरल इफ्यूजन, म्हणजे फुप्फुसाभोवतीच्या आवरणात साचलेलं पाणी. कारण टीबी. मला वाटलं, सुईनं पाणी काढलं की सुटलो. पण खरं औषध गोळ्यांचं होतं, आणि त्या महिनोन्महिने न चुकता घ्यायच्या होत्या.

तिथंच घोडं अडलं. इनास गोळी जिभेखाली धरायचा आणि नर्सबाईंची पाठ वळली की खिडकीबाहेर थुंकायचा.

“कुनासाठी जगू, अक्का?” एवढंच बोलायचा.

त्याची बायको सेलीन बाळंतपणात गेली, बाळही गेलं. तोवर इनास चर्चमध्ये गुडघ्यांना वळ उठेपर्यंत प्रार्थना करत होता. माती दिल्यावर घरातला क्रूस काढून त्यानं माझ्या हातात ठेवला. म्हणाला, “तुजा देव तुज्याकडं ठेव.” आमच्या गुंद गावातले काही लोक त्याला पाखंडी म्हणू लागले. मला ते कधी जमलं नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. क्रूस मी माझ्या घरी पेटीत जपून ठेवला.

आमच्या फादरना मी फक्त कळवलं, इनास दांडेलीला दवाखान्यात हाय, जेवन जात न्हाई. दुसऱ्याच दिवशी जोयड्याहून बसनं ते आले. हातात एक छोटी बाटली, त्यात तेल चमकत होतं.

आमच्यात आजाऱ्याला फादर पवित्र तेल लावतात. ते बरं वाटावं म्हणून असतं, पण जुन्या माणसांच्या मते तेल लागलं की माणूस वरच्या गाडीत बसलाच. बाटली दिसताच इनास ताडकन उठून बसला.

“त्याल लावायचं न्हाई! मला मरायचं न्हाई, फादर!”

फादरनी बाटलीकडं पाहिलं.

“अरे, लोनचं हाय हे. पेज घशाखाली उतरत न्हाई म्हनं तुज्या.”

आधी शेजारच्या खाटेवरचे म्हातारबा हसले, मग मी. इनासही हसला आणि हसता हसता हमसून रडू लागला. राउंडला आलेल्या डॉक्टरांनी सगळं ऐकलं होतं. ते म्हणाले, “मरायचं नाही ना? मग गोळी घ्या, आणि तोंड उघडून दाखवा.” त्यानं दाखवलं. मला इतकं बरं वाटलं की मी त्या डॉक्टरांच्या पायाच पडणार होते.

फादरनी प्रार्थनेचं नाव काढलं नाही. त्याला पेज भरवली. मग म्हणाले, “सेलीनला मातीत ठेवताना मीच होतो. ती का गेली, मलाबी अजून कळलं न्हाई. तू देवावर राग धर, पन गोळी खा.”

तुमच्या घरातही कुणी देवाशी भांडून आजारी पडलं असेल, तर आधी त्याच्या पेजेचं बघा. उपदेश कुठं पळून जात नाही.

इनास बरा झाला. चर्चची पायरी अजून चढत नाही. पण यंदा कोवळ्या कैऱ्यांचं लोणचं त्यानं स्वतः घातलं आणि रविवारी त्याच्या घरून मी चर्चला निघताना तीच बाटली भरून माझ्या पिशवीत ठेवली.

“हे फादरना दे. देवाला न्हाई हां!”

“व्हय,” मी म्हणाले.

वाटेला लागले तोच मागून हाक आली.

“अक्का, आनि येताना तो पेटीतला क्रूस घिऊन ये. सेलीनचा व्हता तो.”