मागच्या पानावरचं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, महावीरलाही नाही — आणि महावीर तर माझा भागीदार, कंपनी आम्ही दोघांनी मिळून काढलेली. तुम्हाला का सांगतोय? कुणास ठाऊक.

कॉलेजांत मला भाषणाला बोलावतात. टीम कशी उभारावी, सांगा म्हणतात. मी सांगतो — आपल्यापेक्षा हुशार माणसं घ्या, घाबरू नका. टाळ्या पडतात. लाज वाटत नाही का? वाटते की. तरी पुढच्या आमंत्रणाला हो म्हणतोच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. शाहूपुरीत दोन खोल्या, दोन कॉम्प्युटर, महावीर आणि मी. दूध संकलन केंद्रांसाठी प्रोग्रॅम करत होतो — किटली आली की नाव, वजन, फॅट नोंदवायचं. घोडं एकाच जागी अडायचं. लाईट गेली की त्या संध्याकाळची सगळी नोंद पुसली जायची. चार महिने मी डोकं फोडत होतो. मग तिसरा माणूस घ्यायचं ठरलं, आणि मुलाखतीला येणाऱ्यांना मी हाच प्रश्न कागदावर सोडवायला देऊ लागलो.

सुजाता जयसिंगपूरजवळच्या एका खेड्यातून एसटीनं आली. प्रश्न वाचून तिनं मलाच विचारलं, "लाईट गेली म्हणून म्हस थांबतीया व्हय सर?" आणि लिहायला बसली.

ती गेल्यावर मी तो कागद तीनदा वाचला. अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत. प्रत्येक किटली तिथल्या तिथं जपायची, अर्धवट असली तर अर्धवटच. लाईट आली की कॉम्प्युटरनंच विचारायचं, शेवटची किटली कुणाची? बस. एवढं सोपं! एवढं सोपं सुचायला केवढं डोकं लागतं, हे चार महिने झटलेल्या माणसालाच कळतं. मागच्या पानावरही काहीतरी आकृती होती. ती तर मला समजलीच नाही.

"कशी हाय पोरगी?" महावीरनं विचारलं.

मी भ्यालो. ही आली तर आठवड्यात कळेल, कंपनीतलं डोकं कुणाचं ते.

"टिकायची न्हाय," मी म्हणालो. "लगीन झालं की जाईल."

कागद खणात ठेवला. पुढच्या पानावरचं सगळं माझं म्हणून प्रोग्रॅममध्ये बसवलं. महावीरनं मला मिठी मारली. त्यावरच कंपनी उभी राहिली, माणसं आली, मजले चढले.

आठ वर्षांनी आम्ही दोघं एका गावच्या केंद्रावर गेलो. सचिवाच्या खुर्चीत सुजाता. आठ वर्षं त्याच खुर्चीत टिकलेली. आमच्यासमोरच लाईट गेली, तिनं वही ओढली, किटल्या हातानं लिहिल्या. लाईट आली, कॉम्प्युटरनं शेवटची किटली विचारली. मधल्या किटल्या मात्र त्यात घालता येईनात. तिनं हसून माझ्याकडं पाहिलं.

"मागच्या पानावरचं न्हाय व्हय घेतलंसा, सर?"

ती आकृती ह्यासाठी होती! तेव्हाच, त्या अर्ध्या तासात, तिनं हेही पाहून ठेवलं होतं. मी थक्क होऊन उभा राहिलो.

"कसलं पान रं?" महावीरनं विचारलं.

तिनं मान खाली घातली नाही. माझ्याकडं बघत राहिली.

"काय न्हाय," मी म्हणालो. "चल."