खुराड्यातली डबी

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. आणि माझं तोंड काही गप्प बसणारं नव्हे. कळंबात कुणालाही विचारा, अंगणवाडीच्या बाई म्हणजे आकाशवाणी. मी रिटायर झाले, आवाज नाही झाला. पण ही एकच गोष्ट — बघा, आत्ताही जीभ अडखळतेच आहे. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझ्या मुलाला ओळखत नाही.

आधी मशेरीचं सांगू द्या. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि बोटाने दातांना लावायची. आमच्याकडे कितीतरी बायकांचं सकाळचं ते पहिलं काम, चहाच्याही आधी. मीही लावायचे — लपून. कारण अंगणवाडीत गरोदर बायांना मीच सांगायचे, सोडा गं बायांनो, पोटातल्या बाळाला बाधतं. भिंतीवर तसा तक्तासुद्धा चिकटवला होता. तक्त्यासमोर भाषण ठोकायचं आणि घरी येऊन मोरीत बोट फिरवायचं! नितीनला, माझ्या मुलाला, याचा पत्ता नव्हता. त्याचे वडील लवकर गेले, त्याच्या लेखी आई म्हणजे देवी. आणि देवी कधी मशेरी लावते का?

मग गालाच्या आत पांढरा चट्टा आला. तिखट खाल्लं की झोंबायचा. सारिकाने, माझ्या सुनेने, मोबाईलची बॅटरी मारून तो बघितला आणि माझं काही न ऐकता मला दवाखान्यात नेलं. तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला. पण अगदी सुरुवातीचा, डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून काढून टाकू, घाबरू नका, फक्त तंबाखू आजपासून बंद. मी साळसूदपणे म्हटलं, अहो, मी कुठे लावते? सारिका शेजारीच बसली होती. ती वर पंख्याकडे बघत राहिली.

ऑपरेशनला अजून थोडे आठवडे होते. ते दिवस — कसे सांगू? माणसं असली की मी नुसती थट्टा करायचे. भेटायला येणारी प्रत्येक बाई सफरचंदं घेऊन यायची आणि रडायला लागायची, मग मीच उठून तिला पाणी द्यायचे. एकीला म्हटलं, अगं रडतेस काय, गाल कापणारेत, जीभ नाही. ती आणखीनच रडली. पण सगळे गेले की जीभ आपोआप त्या चट्ट्यावर जायची. वाढला का? पसरला का? आणि अशी भीती वाटली की मला काय हवं असायचं, ओळखा. मशेरी! जिच्यामुळे झालं, तीच. हसा, मलाही हसू येतं.

डबी लपवत मी घरभर फिरले. तांदळाच्या पिंपात ठेवली, सुपाखाली ठेवली, शेवटी कोंबड्यांच्या खुराड्यात कोपऱ्यात सरकवली. नितीन कुंभिवलीच्या बाजूला कंपनीत जातो. कोंबडीचं पीस शर्टाला लागलं तरी त्याला खपत नाही, तो कशाला खुराड्यात हात घालेल? त्या रविवारी घातला. आईला ताजं अंडं उकडून द्यावं म्हणून.

डबी उघडून, हुंगून तो अंगणात उभा राहिला. सारिका मासे साफ करत होती. मी ओटीवर बसले होते.

"आई, ही कुणाची गं?"

इथे मी खरं बोलू शकले असते ना? काय झालं असतं? ओरडला असता, रडला असता, जेवला नसता एक वेळ. पण माझ्याकडे तो ज्या डोळ्यांनी बघतो ते डोळे — ते मला ऑपरेशनला जाताना तसेच हवे होते.

"मला काय इचारतोस रं? सारिकाची असंल."

सारिकाने हातातला मासा खाली ठेवला. माझ्याकडे एकदाच बघितलं.

"हां, माझीच हाय," ती म्हणाली.

का म्हणाली? तिने कधी सांगितलं नाही. मी कधी विचारलं नाही.

नितीनने डबी चुलीत टाकली आणि तिला नको नको ते बोलला. घरात आईला हे झालंय आणि तू असलं विष आणून ठेवतेस — गल्लीला ऐकू जाईल असं. त्यानंतर बरेच दिवस तिने भरलेला डबा त्याने कंपनीत नेला नाही. डबा ओटीवर तसाच राहायचा. तो मी खायचे. होय, मीच. सारिकाच्या हातची भेंडी वाया कशी घालवायची?

मशेरी गेली ती गेलीच, पण संध्याकाळ झाली की तल्लफेने जीव कासावीस व्हायचा. तेव्हा सारिका तोंडात खडीसाखर द्यायची आणि मोबाईलवर ल्युडो लावून समोर बसायची. मी हरायला लागले की फोन मुद्दाम खाली पाडायचे, तरी ती मुकाट्याने पुन्हा डाव लावायची. एकदा खेळता खेळताच माझ्या तोंडून गेलं, "सारिका, मला लई भ्या वाटतं गं."

"मला पण वाटतं," ती म्हणाली. "तुमचा चान्स हाय, टाका."

आम्ही दोघी इतक्या हसलो की डोळ्यांतून पाणी आलं. तेव्हा बोलायचं होतं मी. तोंड उघडलंसुद्धा होतं. पण सहा पडला, आणि मी सोंगटी बाहेर काढली.

ऑपरेशन छान झालं. हसले की तोंड जरा एका बाजूला ओढतं, एवढंच. आता नुसती तपासणी असते. डॉक्टर म्हणतात, बाई, तुम्ही वेळेवर आलात.

नितीनचा राग कधीच गेला. आता त्याने त्याचा विनोद केलाय. परवा खालापूरला सारिकाच्या भावाचा साखरपुडा होता, तिथे भर पंगतीत म्हणाला, आमच्या हिची मशेरी मी सोडवली, डबीच जाळली. सगळे हसले. तिचे वडील हसले नाहीत. तिच्या आईने जेवण अर्धं टाकलं, सारिकाला हाताला धरून खिडकीपाशी नेलं आणि तोंड उघडायला लावलं. उजेडात एक गाल बघितला, मग दुसरा, बोट आत घालून चाचपून बघितलं. सारिका तोंड उघडून गुमान उभी होती.

मी समोरच बसले होते. वाढणारा आला. मी आणखी एक गुलाबजाम घेतला.