फटफटीच्या तोंडावरचा कोरा कपडा

दादा गेल्याचा भाच्याचा फोन आला, तेव्हा मी अंगणात मुगवड्या उलटत होते. फोन ठेवला आणि परत वड्याच उलटायला बसले. वेडीच मी! ऊन अंगावर घेत बसले असताना कुठूनसा कच्च्या पेट्रोलचा वास आला... आसपास गाडी नाही, काही नाही. तेव्हा कुठे रडू फुटलं. भेटायला येणारा जो तो म्हणत होता, तुमचा भाऊ फार शांत माणूस. शांत कसला! मनातलं ओठावर म्हणून आणायचा नाही. मला तर त्याचा रागच यायचा.

स्वातंत्र्यानंतरची ती पहिली वर्षं. नागपुरातल्या आमच्या कोष्ट्यांच्या वस्तीत एकेक माग बंद पडत होता. आमच्या बाबांचाही थांबला, कारण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. शेवटचा तागा त्यांनी जवळजवळ बोटांनीच विणला. दादानं मग पंपदुरुस्तीचं काम धरलं. नरखेडकडच्या संत्र्यांच्या बागांत विहिरींवर इंजिनं बसू लागली होती. कामठीच्या छावणीतून लिलावात निघालेली एक जुनी फटफटी मालकानं त्याला फिरायला दिली. अट एकच, बोलावणं आलं की बागेवर पोचायचं. नाही पोचलास तर दुसरा मिस्त्री आहेच. आमची चूल त्या फटफटीवर पेटत होती असंच म्हणा ना.

तिच्या कार्बोरेटरच्या तोंडावरची जाळी छावणीतच कुठे हरवली होती. रस्त्याची धूळ इंजिनात जाते, असं दादा जेवताना सहज बोलून गेला. बाबांनी ते मनावर घेतलं. त्या शेवटच्या ताग्यातला तुकडा फाडून, दुहेरी करून, चाचपत चाचपत त्यांनी स्वतः तो तोंडावर बांधला. कोरा, खळीसकट कडक. नवा कपडा धुऊन देणं आमच्याकडे अशुभ. कोष्ट्याच्या हातून कपडा जातो तो खळीचाच. "आता माह्या कपड्यातून धूळ जाऊनच दाखवावं!" बाबा म्हणाले. कित्येक दिवसांनी त्यांचा चेहरा फुलला होता.

थंडी पडली, सकाळी दव येऊ लागलं आणि फटफटीचं बिनसलं. मागून काळा धूर, पेट्रोलचा भपकारा, जरा चढ आला की धापा. दादा प्लग काढायचा, तो काजळीनं काळाकुट्ट. पुसून लावायचा, संध्याकाळी पुन्हा तेच. "पेट्रोल जास्त जाऊन राहिलं वं, इंदे. हवा कमी पडून राहिली," एवढंच मला सांगायचा. त्यानं कार्बोरेटर खोलला, जेट फुंकून पाहिली, फ्लोट तपासला, पेट्रोल कमी जावं म्हणून आतली सुई एक खाच खाली उतरवली. त्या दुपारी मला अजून स्वप्नात असल्यासारख्या दिसतात... अंगणभर पिवळं ऊन, त्यात रेंगाळणारा धूर, डोळे मिटून इंजिनाला कान लावून बसलेला दादा, आणि आत खाटेवर बाबा, तेही तसेच ऐकत. मी हातातलं काम टाकून बघत राहायची. वेळ कुठे जायचा कळायचं नाही.

मालकानं शेवटी निरोप धाडला, गाडी सुधरत नसेल तर परत आणून दे आणि तूही घरीच बस. त्या दुपारी बाबांचा डोळा लागला होता. दादानं तोंडावरचा कपडा सोडला. दव आणि धूळ खळीत मुरून त्याची पापडी झाली होती. त्यानं सुई जुन्या खाचेत नेली, किक मारली. धूर नाही, धाप नाही, इंजिन कसं मोकळं बोलू लागलं!

आतून बाबांचा आवाज आला, "सुधरली का गा?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. "सुधरली, बाबा. आतमंदी कचरा अडकला होता."

मला वाटलं, आता कपडा फेकणार. तर काय म्हणावं, हा पठ्ठ्या तो मोरीत धुऊन, वाळवून, सुईनं त्यातला एकाआड एक धागा काढत बसला! "अगा, जाळी आणून बसव ना सरळ!" मी करवादले. "बाबा रोज हात लावून पाहते वं," तो म्हणाला आणि तो विरळ केलेला कपडा पुन्हा होता तिथे बांधून मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी दादा निघायच्या आधी बाबांनी कपड्यावरून बोटं फिरवली. मधेच थांबली बोटं. दादा गेल्यावर मला जवळ बोलावून म्हणाले, "इंदे, त्यानं धागे काहाडले. माह्याच कपड्यानं गाडीचा गळा दाबला होता. मले समजलं म्हणून त्याले सांगू नको वं." मग मला मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, लावायला सांगितला. कितीतरी दिवसांनी ते मागावर बसले. तुटलेले धागे माझ्याकडून सांधून घेत त्यांनी हातभर कपडा विणला, मुद्दाम विरळ. एका सकाळी तो दादाच्या हातात ठेवला. "पहिला मळला असन. हे बांध."

दादानं बांधला. नोकरी टिकली, फटफटी पुढे कितीतरी वर्षं नरखेडच्या वाटेनं धावली. बाबा गेले, तरी मी तोंड उघडलं नाही. शब्द दिला होता ना.

आमच्या शेवटच्या भेटीत दादा उशीला टेकून खिडकीबाहेर बघत होता. आता लपवून कोणाला काय मिळणार, असं वाटलं आणि बोलून गेले, "दादा, तू धागे काढले ते बाबाले तवाच समजलं होतं."

"मले माहीत हाये."

"अवं माय! कसं काय? मी तर कोणालेच नाही सांगितलं!"

"त्यानं देलेला तुकडा नरम होता, इंदे. धुतलेला. खळ पार काढून टाकली होती... बाबानं जिंदगीत कधी कोरा कपडा धुऊन देला होता का कोणाले?"

खरं सांगते, मला रागच आला. इतकी वर्षं दोघं एकमेकांपासून लपवत राहिले, आणि मध्ये मी! "मंग बाबाले काहून नाही बोलला तू?"

त्यानं पाठीमागची उशी सारखी केली. मग म्हणाला, "त्याले वाटे, त्याले समजलं हे मले माहीत नाही. तसंच राहू देलं वं..."