एका डोळ्याची अमेरिका

आमच्या ठाण्याच्या महिला मंडळाने अमेरिकेवर लिहा म्हणून किती दिवस पिच्छा पुरवला. नायगारा कसा दिसतो, तिथल्या बायका काय नेसतात, भाकरी मिळते का, नाना चौकशा. दर वेळी मी काहीतरी सबब सांगायची. आता सासूबाई गेल्या, तेव्हा लिहायला हरकत नाही. पण आधीच सांगून ठेवते, सुखाचं प्रवासवर्णन हवं असेल त्यांनी सरळ पान उलटावं.

निघालो त्या सकाळी सासूबाई मुंबईच्या धक्क्यावर आल्या नाहीत. आमच्या बाळकुमला खाडीच्या बांधावरच त्यांनी आम्हाला निरोप दिला. आमच्या दोन्ही मुली त्यांच्या पदराला धरून उभ्या होत्या. ह्यांच्या तोंडावरून हात फिरवून झाल्यावर त्यांनी कनवटीची पितळी डबी काढली आणि माझ्या हातात ठेवली. डबीत काजळ होतं. एरंडेलाच्या दिव्यावर ताम्हण पालथं घालून काजळी धरायची, तुपात आणि कापरात खलायची, अशी त्यांची रीत. मिठागरावर दुपारभर राबलेल्या माणसाच्या डोळ्यांची आग त्याने निवते, असं त्या घरात सगळे मानायचे.

मी नाही मानायची. कल्याणच्या एका शाळामास्तरांची मी मुलगी, मॅट्रिक झालेली. माझ्या मुलींच्या डोळ्यांत मी त्या डबीतलं बोट कधी जाऊ दिलं नाही, आणि त्यावरून सासूबाईंचे टोमणेही कमी खाल्ले नाहीत. तरी त्या दिवशी डबी मुकाट्याने पिशवीत टाकली. जाताना म्हातारीला कशाला दुखवायचं?

आम्ही हौसेने निघालो नव्हतो. ह्यांचा डावा डोळा लहानपणीच चुना उडून गेलेला. उरला उजवा. दहाव्या वर्षापासून हे वडिलांबरोबर मिठागरावर. मिठाच्या वाफ्यात दाणा धरला की नाही, हे बांधावर उभं राहून नुसतं बघून सांगायचे. दुसऱ्याला हात घालून पाहावं लागे. आणि एका सकाळी चहा पिताना म्हणाले, "अगं, उजव्या बाजूने काळं पाणी चढतंय बघ. भरतीसारखं." डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. मुंबईच्या डॉक्टरांनी हात टेकले. हे काम बोस्टनला करतात, आणि तेही लवकर गेलात तर, असं त्यांनी सांगितलं. माझा धाकटा भाऊ वसंत बोस्टनलाच शिकवत होता. त्याने तार केली, या. खाडीकडची जमीन कारखान्यासाठी गेली होती, तिचे पैसे हाती होते, तेव्हा जाणं जमलं. तो एक डोळा वाचवायचा, एवढंच आमचं काम.

बोटीवर पहिले आठ दिवस मी ओकत होते आणि हे मला लिंबू कापून देत होते. ज्याला दिसत नाही तो माणूस दिसणाऱ्या माणसाची सेवा करतोय, याचं लोकांना नवल वाटायचं. ह्यांना तेव्हा फक्त डाव्या कोपऱ्यातलं आणि खालचं दिसे. न्यूयॉर्क आलं तेव्हा सगळी बोट कठड्याला लोटली. त्या उंचच उंच इमारती धुक्यातून एकेक करून वर येत होत्या. हे मान वाकडी करून बघत राहिले आणि म्हणाले, मला पायथेच दिसतायत, मजले तू मोज. मी पंचवीसपर्यंत मोजले आणि सोडून दिलं.

न्यूयॉर्कमध्ये दोन दिवस काढले. जमिनीखालच्या गाडीत बसलो, यंत्रात नाणं टाकून खणातून निघणारी सफरचंदाची गोड पोळी खाल्ली. बरी होती, पण दालचिनी फार. एका म्हाताऱ्या फुलवालीने माझ्या नऊवारीला हात लावून विचारलं की हे टाचण्यांशिवाय कसं राहतं. मी म्हटलं, सवयीने.

बोस्टनला वसंता स्टेशनवर होता. दवाखान्यातल्या बाईने ह्यांचं नाव विचारलं आणि मी सवयीने गप्प राहिले. वसंताने कपाळाला हात लावला. शेवटी मीच नाव उच्चारलं, लग्नानंतर पहिल्यांदा, आणि हे माझ्याकडे वळून चक्क हसले. पुढे तीन आठवडे मात्र हसणं नव्हतं. शस्त्रक्रियेनंतर ह्यांना उताणं निजवलं, दोन्ही डोळे बांधून, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून. कूस बदलायची नाही, खोकायचं नाही. मी खिडकीशी बसून बाहेरचं सांगायची. तिकडे थंडीच्या तोंडावर झाडांची पानं गळण्याआधी लाल होतात. सांगून सांगून माझ्याकडचे लाल रंग संपले.

पट्टी सुटली त्या दिवशी डॉक्टर, वसंता, दोन परिचारिका सगळे उभे होते. ह्यांनी डोळा उघडला, मिटला, परत उघडला. "किती वाळलीस गं तू," म्हणाले. मी तिथेच रडले. डॉक्टर शांत माणूस. त्यांनी मला बाजूला नेऊन एकेक शब्द सुटा करून सांगितलं: या बाटलीतल्या थेंबांशिवाय तीन महिने डोळ्यात काहीही जाता कामा नये, पाणीसुद्धा नाही. ह्यांना इंग्रजी येत नव्हतं. मी ते सगळं मराठीत सांगितलं, काही गाळलं नाही. हे मुद्दाम लिहिते आहे. मला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

महिनाभराने डॉक्टरांनी फिरायची परवानगी दिली. ह्यांची एकच इच्छा होती. डेट्रॉइट नावाच्या शहराखाली मिठाची खाण आहे, मोटारी जातील एवढे रस्ते मिठात कोरलेत, असं वसंताने पत्रात लिहिलं होतं. खाडी नाही, ऊन नाही, आणि जमिनीखाली मीठ! ते बघितल्याशिवाय बाळकुमला तोंड कसं दाखवू, म्हणायचे. वसंताला रजा नव्हती. त्याने नायगारा, टोरांटो, डेट्रॉइट अशी तिकिटं काढून दिली आणि आम्ही दोघंच निघालो.

नायगारा बघायला लोक उगाच जात नाहीत. मी पाच मिनिटांत कानांवर हात धरले. हे तासभर हलले नाहीत. आयुष्यभर खारं पाणी वाफ्यावाफ्याने आटवत आलेला माणूस तो. शेवटी एवढंच म्हणाले की एवढं गोडं पाणी, आणि सगळं वाहून चाललंय. तुषार उडत होते म्हणून मी माझी छत्री ह्यांच्या तोंडापुढे धरली होती. एक फोटोवाला हसला. हसू दे, म्हटलं.

टोरांटोला शनिवारी संध्याकाळी पोचलो. रविवारी सकाळी न्हाणीघरात माझ्या हातून औषधाची बाटली चिनीमातीच्या भांड्यात पडली आणि फुटली. खाली गेले तर सगळं शहर बंद. रविवार त्या गावात असा पाळतात की बागेतले झोपाळेसुद्धा साखळीने बांधलेले होते. औषधाच्या दुकानावर पाटी, उद्या सकाळी नऊ. हॉटेलची मालकीण भली बाई होती. डॉक्टरला फोन लावू का, म्हणून तिने दोनदा विचारलं. आणि मी म्हटलं, नको, उद्या बघू. परक्या बाईला सुट्टीच्या दिवशी कशाला त्रास, हा आपला घरंदाज संकोच. त्या एका 'नको'चा मला आज इतका राग येतो की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

दुपारी ह्यांचा डोळा चुरचुरायला लागला. आईची डबी आणलीयेस ना, म्हणाले. मी डॉक्टरांच्या बोलण्याची आठवण करून दिली. थोड्या वेळाने परत विचारलं, मी परत नाही म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी मागितलं नाही, नुसते पलंगाच्या काठावर बसून राहिले, मूठ डोळ्यापाशी नेत आणि मागे घेत. मिठागरावरून आल्यावर हे असेच ओट्यावर बसायचे, आणि सासूबाई बोट फिरवायच्या, आणि ह्यांचा चेहरा सैल पडायचा. पंधरा वर्षं मी ते बघितलेलं. माझं शिक्षण त्या बघण्यापुढे टिकलं नाही. मी डबी उघडली आणि करंगळीने ह्यांच्या डोळ्यात काजळ घातलं.

हे शांत झोपले. उठल्यावर आग थांबली म्हणाले. मला बरं वाटलं, इतकंच नाही, अभिमान वाटला. सासूबाईंना हे कळवायला हवं, असं मनात आलं. त्या संध्याकाळी आम्ही तळ्याकाठी हात धरून फिरलो. तळं म्हणजे समुद्रच तो. सगळ्या प्रवासातली ती सर्वांत चांगली संध्याकाळ.

सोमवारी नवी बाटली घेतली, थेंब घातले, गाडीत बसलो. डेट्रॉइट यायच्या आत डोळा लाल झाला होता. मंगळवारी सकाळी पापण्या चिकटलेल्या. मी म्हटलं, आधी दवाखाना. हे हट्टाला पेटले. आधी मीठ.

वसंताच्या ओळखीचा एक इंजिनियर आम्हाला घेऊन गेला. खाली उतरवता येणार नव्हतं, पण वरच्या आवारात मिठाचे ढीग होते, करडे, घरांएवढे. हे समोर उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. मी विचारलं, कसं आहे? म्हणाले, "कुठे आहे?"

इंजिनियरने एक खडा त्यांच्या हातात दिला. ह्यांनी तो चाचपला, जिभेला लावला. आपल्या मिठाला खाडीची चव असते, याला काहीच नाही, असं म्हणून खडा खिशात टाकला. मी इंजिनियरला म्हटलं, आता सरळ दवाखान्यात चला.

दवाखान्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरने कापसाने डोळा पुसला. कापूस काळा झाला. त्याने तो माझ्यापुढे धरला आणि विचारलं, हे काय? काजळाला इंग्रजीत काय म्हणतात ते मला आठवेना. मी 'काजळ' असंच म्हटलं, आणि मग काजळी, तूप, कापूर, सगळं इंग्रजीत सांगितलं. त्याने कापूस बशीत टाकला. मग म्हणाला, आतपर्यंत पू झालाय, दृष्टी परत येणार नाही.

हे शेजारच्या खुर्चीत बसले होते. "काय म्हणतात?"

आमच्या दोघांत इंग्रजी मला एकटीलाच कळत होतं. मी म्हटलं, "म्हणतात, बोस्टनच्या शस्त्रक्रियेतच काहीतरी राहून गेलं."

"असेल," ते म्हणाले.

बोस्टनच्या त्या सज्जन डॉक्टरांची मी इथे माफी मागते. त्यांच्या हातून काहीही राहिलं नव्हतं.

डेट्रॉइटच्या स्टेशनवर मी डबी कचऱ्याच्या पत्र्याच्या पिंपात टाकली. ठण्ण आवाज झाला. काय टाकलंस, असं ह्यांनी विचारलं. रिकामी बाटली, मी म्हटलं. परतीच्या बोटीवर हे डेकवर खुर्ची टाकून बसत आणि मी समुद्राचं वर्णन करी. दोन दिवसांनी म्हणाले, पुरे, समुद्र मला माहीत आहे.

बाळकुमला सगळं गाव खाडीवर जमलं होतं. मुली धावत आल्या आणि थोरली ह्यांच्या डोळ्यांकडे बघून थबकली. हे नुसते दोन्ही हात पुढे करून उभे. घरी आल्यावर सासूबाईंनी लेकाला ओट्यावर बसवलं, चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि मग माझ्याकडे वळल्या.

"डबी कुठं हाय गो?"

मी तोंड उघडायच्या आत हेच बोलले. "जातानाच बोटीवरनं पाण्यात पडली, आई. उघडलीसुद्धा नव्हती."

 डेट्रॉइटच्या त्या डॉक्टरसमोर मी सगळं इंग्रजीत बोलले होते, फक्त 'काजळ' हा एक शब्द सोडून. ह्यांना तेव्हापासून सगळं माहीत होतं.

सासूबाईंनी कपाळ बडवून घेतलं. "डबी असती तर माज्या पोराचा डोला वाचला असता." शिकलेल्या सुनेने मुद्दाम पाण्यात टाकली, हे त्यांनी गावभर सांगितलं, आणि जाईपर्यंत सांगत राहिल्या. मी कधी उलट बोलले नाही. भलत्याच गुन्ह्याची का होईना, शिक्षा मिळत होती. त्यांनी नवी डबी घेतली, नवं काजळ केलं आणि रोज सकाळी स्वतःच्या हाताने लेकाच्या डोळ्यांत घातलं. हे निमूट चेहरा वर करायचे. मी चुलीपाशी पाठ करून बसायची.

सासूबाईंच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हे नेहमीसारखे ओट्यावर येऊन बसले. मी चहा घेऊन गेले, तर चेहरा वर केलेला.

"आई नाही आता," म्हणाले. "डबी कोनाड्यात आहे. तू घाल."

मी डबी काढली. करंगळीला काजळ लागलं, पण हात पुढे जाईना. ह्यांनी अंदाजाने माझं मनगट शोधलं आणि आपल्या डोळ्यापर्यंत नेलं.

"टोरांटोला घातलंस तसंच घाल," ते म्हणाले.

मी घातलं.